चालतंय म्हणजे नेमकं काय?

हसू नका, पण अख्खं आयुष्य शिकवण्यात घालवलेला माणूस एका शब्दात नापास होऊ शकतो, हे मला अंबडच्या एका कारखान्यात कळलं. भाच्याने यंत्रांच्या देखभालीची कंपनी नुकतीच काढली होती. प्रत्येक कारखान्याला त्याच्या गरजेप्रमाणे सेवा ठरवून द्यायची, म्हणून प्रश्नावली त्याने माझ्याकडून करून घेतली. पहिल्याच गिऱ्हाइकाकडे मी फोरमन गांगुर्डेभाऊंना विचारलं, "हे प्रेस मशीन कसं आहे?"

"चालतंय."

मी 'चालू'वर खूण केली. म्हणजे तपासणी थेट तीन महिन्यांनी. आठव्या दिवशी मशीन बंद पडलं. कारखान्याच्या मालकांनी आम्हाला बोलावून करार मोडायचीच भाषा केली. चूक माझीच असणार, अशी धास्ती वाटली. तरी तिथेच उभ्या गांगुर्डेभाऊंना म्हणालो, "भाऊ, तुम्हीच म्हणालात ना, चालतंय?"

"सर, चालतंय म्हणजे चालवून घेतोय! रोज सकाळी दोन दणके घालतो, तेव्हा हलतं. चांगलं असतं तर एक नंबर म्हणालो नसतो का?"

मी तिथेच 'चालू' खोडलं आणि लिहिलं: 'एक नंबर' असेल तर तपासणी तीन महिन्यांनी, 'चालतंय' असेल तर उद्याच. कागद भीतभीत मालकांपुढे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे पटतंय. करार राहू द्या. पण कोणी 'एक नंबर'वर खूण केली, तर खरं मानायचं का?"

गांगुर्डेभाऊ म्हणाले, "माना की. फक्त मशीन अजून खोक्यातच आहे ना, तेवढं बघा."