सात नंबरच्या खाटेचा आपि

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावर विराजमान आमचे जुने सर्जन डॉक्टर सेन्तेनो, नव्या सर्जन डॉक्टर हिमेना, आणि भाषणं संपून जेवण कधी येतंय याची वाट बघत बसलेल्या तमाम मंडळींनो,

एकतीस वर्षं या इस्पितळात रांधलं. आज निवृत्त होताना दोन शब्द बोला म्हणालात. स्वयंपाकिणीला दोन शब्द कुठले पुरायला?

जुना नियम आठवतो ना? पोट उघडलं की वारा सरेपर्यंत तोंडात थेंब नाही. सकाळी डॉक्टर विचारायचे, "सरला का?" नातेवाईक त्यासाठी मारियामातेपुढे मेणबत्त्या लावायचे. हसा, आम्हीही हसायचो. काही जण तर चक्क खोटं सांगून कोंबडीचा रस्सा मिळवायचे.

माझी धाकटी बहीण ब्राउलिया पोटाच्या ऑपरेशननंतर सात नंबरच्या खाटेवर होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "ताई, दोन घोट आपि दे गं." जांभळ्या मक्याचा, दालचिनी घातलेला आपि माझ्याच चुलीवर उकळत होता. वास तिच्यापर्यंत जात होता.

"वारा सरला की देते."

"सरला म्हणून सांग ना. तुझं काय जातंय?"

"इथलं मीठ खाते मी. खोटं कसं बोलू?"

"वा गं वा. बाहेरच्या बायका खोटं बोलून जेवतात, आणि स्वयंपाकिणीची बहीण उपाशी."

पाचव्या दिवशी ती गेली. आत पू झाला होता. आपिनं ती वाचली नसती, हे मलाही कळतं. पण उपाशी गेली हो.

मग डॉक्टर हिमेना आल्या. म्हणाल्या, "दुसऱ्या सकाळीच थोडं थोडं देत जा. वाऱ्याची वाट कशाला बघायची?" इतकं सोपं होतं? डॉक्टर सेन्तेनो जे शिकले ते त्यांनी सांगितलं, त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं. रागवायचं तरी कुणावर?

गेल्या वर्षी डॉक्टर सेन्तेनोंचंच पोट उघडावं लागलं. दुसऱ्या सकाळी मीच आपि घेऊन गेले. कप हातात धरून म्हणाले, "कासिल्दा, ब्राउलियानं हाच मागितला होता ना?"

मी म्हटलं, "निवेल, प्या." ते प्यायले नाहीत. दोघंही त्या कपाकडे बघत बसलो.

असो. शाल पांघरलीत, कौतुक केलंत, सगळ्यांची मनापासून आभारी आहे. बोलताना कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या दोन घोटांची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, तिला मी थांब म्हणाले होते.