विकराला लागलेला काना

काल सकाळचे सव्वासात. दादाच्या घरचं स्वयंपाकघर. ओट्यावर आमचं वर्तमानपत्र उघडं, आणि वहिनी माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. वर दादा मलाच विचारतो, "छापण्याआधी वाचलं नव्हतंस का रे?" वाचलं होतं हो! तुम्हाला सांगतो, बातमीदारीत केस पिकले, पुढारी अंगावर आले, गुंड दारात आले, पण असली शांतता... छे!

वहिनी संशोधक. त्याच दिवशी तिची प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी मुलाखत. म्हटलं, सकाळीच तिच्यावर लेख आणू, निवड मंडळ वाचेल. काय चुकलं माझं?

विषय विकर. म्हणजे पेशीतलं कामकरी प्रोटीन. एका खोबणीत कच्चा माल घेतं, पक्का करून सोडतं. आणि त्याला थांबवायला त्या खोबणीत बोळा कोंबावा लागत नाही! एखादा चिमुकला रेणू भलत्याच जागी, पाठीला येऊन चिकटतो, अख्खं प्रोटीन अंग मुरडतं आणि पुढची खोबण बंद! मग त्याच्या मालावर जगणारं पुढचं प्रोटीन उपाशी, त्याच्या पुढचं उपाशी, पेशीभर बोंबाबोंब... मी म्हटलं, वहिनी, डोक्यावरून गेलं. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचे दादा ओट्यापाशी कधी फिरकतात का? पण हॉलमधून त्यांची ढेकर ऐकू आली की इथे माझा झारा थांबतो. तसंच."

लागतं एकीकडे, हलतं भलतीकडे!

मी खूश होऊन लिहिलं: 'एका विकराने वीस वर्षं झपाटलेली शास्त्रज्ञ.' आणि कचेरीत कुणीतरी त्याला काना दिला. एक काना हो, एवढीशी उभी रेघ! छापून काय आलं? 'एका विकाराने वीस वर्षं झपाटलेली शास्त्रज्ञ.' खाली: 'हा विकार आता त्यांनी विद्यार्थ्यांनाही दिला आहे.' लागतं एकीकडे, हलतं भलतीकडे! नऊच्या आत वहिनीच्या माहेरून फोन, दादाला साहेबांकडून न मागता रजा, आणि तळमजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून जिना चढल्या.

मुलाखतीत संशोधनावर एकही प्रश्न नाही. अध्यक्षांनी आवाज मऊ करून विचारलं, "आता कसं वाटतंय?" शेजारच्या बाईंनी खुर्ची हळूच मागे घेतली. शेवटी म्हणे, पदाचं पुढं बघू, आधी प्रकृती सांभाळा.

मी कचेरीत जाऊन टेबलावर मूठ आपटली. मुद्रितशोधक म्हणतो, उपसंपादकाने केलं. उपसंपादक म्हणतो, कॉम्प्युटर आपोआप सुधारतो. कॉम्प्युटरवाला म्हणतो, "तो मराठी तुमच्याच जुन्या अंकांवरून शिकलाय, साहेब." आता बोला!

संपादकांनी खुलासा छापायचं कबूल केलं. मी स्वतः लिहून दिला, स्वतः दोनदा तपासला, आणि सुखाने घरी गेलो.

आज छापून आलाय. पहिल्या पानावर, ठळक चौकटीत: 'कालच्या लेखातील "विकार" हा शब्द कृपया "विकार" असा वाचावा.'

ही चौकट कुणाच्या हातून गेली, ते कचेरीत अजून कुणी सांगितलेलं नाही.