नानाच्या सुमीची संशयाची नोकरी

तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? शेजारच्या नानाची सुमी चोपड्याला दुकानात साड्या दाखवायची, ती आता पुण्यात सायबर सिक्युरिटीत लागली. अन् माझा पोरगा कॉम्प्युटरची डिग्री घेऊन घरी बसलाय! दिवाळीला आली तेव्हा मी नानासमोरच टोकलं, "तुला कॉम्प्युटरचं काय कळतं गं?"

"कोर्स केला ना, आबा. पण खरं काम संशय घ्यायचं. मेल कोणी धाडला, एवढा गोड का बोलतोय, खरंच तोच माणूस आहे का."

मी खवळलो, "अगं, हे तर मी जन्मभर करतोय!"

नाना मिशीत हसला, "मग आबा, तुम्ही बी अर्ज करा ना!"

अख्ख्या गल्लीवर संशय घेतला मी, अन् पगार येतोय नानाच्या घरी.