अण्णाचा रुंद झुला

ट्रेकमध्ये झाडांना बांधून झोपायला हलका झुला घ्यावा की ऐसपैस, यावरून तुम्ही भांडताय म्हणून सांगतो. माझा थोरला भाऊ, अण्णा, ट्रेकला निघताना साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून न्यायचा. पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून.

गेल्या वर्षी त्याच्या मणक्यात कॅन्सर पसरला. तरी म्हणाला, "एकदा दांडेलीच्या जंगलात झोपायचंय." ट्रेकच्या सामानाच्या दुकानात दोन झुले होते. एक मुठीत मावणारा, पण अंगाला आवळणारा. दुसरा रुंद आणि जड, पण पाठ सरळ ठेवणारा. मी सवयीनं हलका उचलला.

"जड घे," अण्णा म्हणाला. "पाठ न दुखता एकदा झोपू दे मला."

मी हलका परत ठेवला आणि रुंद झुल्याचे पैसे दिले.

दांडेलीच्या प्रवासाला डॉक्टरांनी नको म्हटलं. मग केलगेरीतल्या आमच्याच घरामागं, दोन आंब्यांच्या मध्ये झुला बांधून त्याला त्यात निजवलं. लगेच डोळा लागला.

दुपारी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, जेवायला उठवू का त्यांना?"

"राहू द्या, वहिनी. किती दिवसांनी झोपलाय."

उन्हं उतरल्यावर तो जागा झाला. वर पानांकडे बघत म्हणाला, "दांडेलीत तरी याहून वेगळं काय असणार रे?"

त्याच आठवड्यात तो गेला.