अर्धा कोयता

तीन म्हैने. लिही, तीन म्हैने. मागल्या आपरेशननंतर बायकोनं तीन म्हैने आराम केला — झालं? इचार पुढचं. आन हे बघ पोरी, तू व्यायाम शिकवनारी, धनश्री का काय नाव तुझं, ते 'बाबा, शांत व्हा' म्हनू नको मला. मी शांतच हाय. उसाच्या फडात ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू जायला लागतं, म्हनून आवाज आसा झालाय. आता ह्या वयात बारीक हुनार न्हाई.

दोन वर्सामागं त्या दुसऱ्या दवाखान्यात तिची गादी काढली. मनक्यातली. सरकली हुती, काढली, आता काय काळजी न्हाई म्हनले. मग हे काय हाय? तीच गादी, तीच जागा, आन बाई उजवा पाय वढत चालती. चप्पल पायातनं मागं ऱ्हाती, तिला पत्ता नसतो. परवा अशीच अनवानी आली विहिरीवरनं, काटा घिऊन. म्हनलं, टोचला न्हाई का? म्हनली, कळलं न्हाई. आन आता तुमचे डाक्टर म्हनत्यात परत कापायचं, मागच्यापरीस अवघड हाय, पन आज सांगा, उद्या करू, पाय जायच्या आत करू. मी सांगून काय उपेग? तिनं सांगायला पायजे! काल तू हुतीस न्हव का तिथं? डाक्टरांनी नीट इचारलं — करायचं का मावशी? तर भिंतीकडं तोंड केलं आन म्हनली, 'मला काय इचारता, ह्यांना इचारा. शिवलेलं पुन्ना उसवायचं का न्हाई, ते ह्यांच्या हातात हाय.' सून उभी, नर्स उभी. अडतीस वर्सं झाली लग्नाला, चारचौघात आसं कधी बोलली न्हाई मला.

काय? मागचं कधी झालं? घट बसायच्या आदी आठ दिवस. मंग घरीच हुती, पडून हुती, सून करत हुती सगळं. मंग दिवाळीच्या पाडव्याला टोळी निघाली कोपरगावकडं, तर आमी — बोटं काय मोजतीस? खाली घे ती बोटं. म्हनलं, खाली घे.

व्हय. पाच आठवडे. पाचच. जमलं तुझं गनित. साळा शिकलेली हायस.

तुला काय म्हाईत ऊसतोड? तुला वाटत आसंल कोयता म्हंजी तोडायचं हत्यार. आमच्यात कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाप्या एकटा गेला तर त्याला आर्धा कोयता म्हनत्यात. मुकादम यादी वाचतो, अमका एक कोयता, तमका एक कोयता, आन मंग तुझं नाव, आर्धा. टेम्पोत बसलेली कालची पोरं हसत्यात. मी आसाराम, माझ्या पुढं कुनाची पात गेली न्हाई कधी, माझं तोडलेलं बुडूक बघ, जमिनीबरूबर आसतं — आन मी आर्धा?

तरी डाक्टरानं सांगितलेलं सगळं पाळलं मी. सगळं! वाकू देऊ नका म्हनला. एक ऊस न्हाई तोडू दिला तिला. वजन उचलू देऊ नका म्हनला. एक मोळी न्हाई उचलू दिली. मी तोडली, मी बांधली, मी उचलली आन तिच्या डोक्यावर ठिवली. नुसती डोक्यावर. डोक्याचा आन कंबरंचा काय संबंध? तिनं फकस्त चालायचं, फळीवरनं ट्रकात चढायचं, आन टाकायची. डोक्यावर घिऊ नको आसं कुठं म्हनला तो? आन बारकी बांधायचो तिची मोळी. रोज बारकी. बाकीच्या बाया बघून हसायच्या, एवढी बारकी. नको म्हनायला तोंड नव्हतं का तिला? मधीच फळीवर थांबायची. मी खालून वरडायचो, चल की, वर काय देव बसलाय का! चढायची. संक्रातीच्या दुसऱ्या दिवशी पाचटाच्या कोपीतनं उठलीच न्हाई. मला वाटलं झोपली. हाक मारली, तर नुसती बघत हुती.

ह्याच हातानं दिली मोळी डोक्यावर. 'ह्यांच्या हातात हाय' — तेच म्हनली ती काल. तुला कळलं नसंल, मला कळलं.

आता काय, ह्या टायमाला घरी कोन? मी. लिही, मी. वाल्मिक, पोरगा माझा, तो आन सून त्यांच्या कोयत्यावर जातील. भाकरी मला येती, जाड हुती, पन येती. पानी मी आनीन. हसतील बाया, हसू दे, हंडा काय बायांच्या बापाचा हाय? खाली बसून संडास नको म्हनालीस न्हव का, तर लाकडी खुर्ची हाय घरी, मधली पट्टी काढतो. बाज मऊ, चालायची न्हाई — बाजंवर फळ्या टाकतो. ट्रकाच्या दोन फळ्या हायत माझ्या. आता दुसऱ्या कशाला लागत्यात?

मंग ती का 'हो' म्हनत न्हाई? सारखं तेच इचारतीस! ऐकलं तिनं. परवा पोळ्याला बिभीषणचा फोन आला हुता, आमचा मुकादम. मी अंगनात बोलत हुतो. त्याला म्हनलं, ह्या हप्त्यात आपरेशन उरकलं तर पाडव्याला आठ आठवडे भरत्यात. आठ लई झाले. नाव धर आमचं, एक कोयता. ती दारातच हुती. आत गेली.

आशी बघू नको माझ्याकडं. तू कोन मला बघनारी?

हा घे फोन. मला नावं वाचता येत न्हाईत, बिभीषण काढ. वरच आसंल. लाव. — हां, बिभीषण, आसाराम बोलतोय. माझं नाव काढ यादीतनं. ... न्हाई. आर्धा बी नको. ... म्हनलं ना नको! ... बरी हाय. ठिवतो.

घे तुझा तो सहीचा कागद, जा तिच्याकडं. बिभीषणला काय सांगितलं तेवढं सांग. म्या पाठिवलं म्हनू नको. सही येत न्हाई तिला, अंगठा घे.

थांब. ते वर तीन म्हैने लिहिलंस, खोड ते. पाच आठवडे लिही. खाली माझं नाव घाल.

जा आता.