मे महिन्यानं निवडलेला प्रांत

नाही, मला एक कळत नाही, माणूस परदेशातून शिकून आला की त्याला काय शिकलास हे विचारावं की नाही? नाही! आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "का रे लीलाधर, एवढा मोठा कॅनडा पडलाय आणि तुला नेमका तोच प्रांत सापडला? वजा चाळीसवाला?" सापडला म्हणे! अहो, सापडायला तो काय रस्त्यात पडला होता? आणि निवडायला घरात मी एकटा होतो का? तुम्हाला सांगतो, त्या प्रांतात मला सरकारनं पाठवलं नाही, माझ्या मार्कांनी पाठवलं नाही... मला तिथं पाठवलं मे महिन्यानं! आमच्या भुसावळकडच्या मे महिन्यानं! तुम्ही जळगावची मंडळी, तुम्हाला मे महिना काय असतो ते मी सांगायला नको, पण तरी सांगतो, कारण सगळं मातेरं तिथंच झालंय.

सन छप्पन. मी पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन घरी आलेलो, सरकारची शिष्यवृत्ती मिळालेली, आणि मुंबईहून कागद आला, की कॅनडात तीन प्रांतांतली तीन विद्यापीठं तुम्हाला घ्यायला तयार आहेत, कुठं जाता ते ताबडतोब तारेनं कळवा. ताबडतोब! बरं, तिन्ही प्रांत एका रांगेत, तिन्ही सपाट, तिन्हीकडं गहू, आणि नावं अशी की आमच्या घरात कोणाची जीभ वळेना. मॅनिटोबापर्यंत सगळे कसेबसे आले, सस्कॅचवानला आबांनी हात वर केला. आबा म्हणजे माझे वडील, केळीचे बागायतदार, बोलणं तोडून टाकल्यासारखं. म्हणाले, "पहिला तो थोरला, दुसरा मधला, तिसरा धाकटा. पुढं बोल." झालं! मॅनिटोबा थोरला, सस्कॅचवान मधला, अल्बर्टा धाकटा. तीन भाऊच बसले ना आमच्या घरात येऊन!

पण खरी गाठ होती मायशी. माय जाऊच द्यायला तयार नव्हती. "कॅनडा पाह्यला कोणी? मी पाह्यला? तू पाह्यला? मंग?" आता याच्यावर काय बोलणार तुम्ही? आबा हो म्हणाले, गाव हो म्हणाला, सरकार तर केव्हाच हो म्हणून बसलेलं, पण आमच्या घरात माय नाही म्हणाली की सरकारबिरकार सगळं उंबऱ्याबाहेर.

आणि मध्येच आलं माझं नाक. हसू नका! मला लहानपणापासून घोळणा फुटायची खोड. होळी झाली, ऊन तापायला लागलं, की माझं नाक सुरू... भळाभळा रक्त. शाळेत फुटायचा, शेतात फुटायचा, आणि लग्नात तर हमखास! वर अक्षता पडल्या की खाली माझा घोळणा. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नाचा फोटो काढून बघा, सगळे समोर बघतायत आणि मी एकटा आढ्याकडं. आणि फुटला की माय कुठूनही धावत यायची हो, म्हणजे हातात पीठ असो, शेण असो, मला आडवं पाडायची, डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओतायची, कांदा बुक्कीनं फोडून नाकाशी धरायची आणि वर सूर्यालाच शिव्या घालायची. "जळो मेलं ते ऊन, माझ्या एकाच पोराच्या मागं लागलं!" सूर्याला काय दुसरं काम नव्हतं जसं. खिशात कांदा ठेवल्याशिवाय मला तिनं कधी उन्हात सोडलं नाही, पुण्याला परीक्षेलासुद्धा मी खिशात कांदा घेऊन बसलोय.

तर बैठक भरली. कुठं भरली? घरात भरायची सोय आहे का? मे महिना होता हो! पारा एकशे पंधराच्या वर, भिंतीला हात लावला तर फोड यावा. बैठक भरली केळीच्या बागेत, पाटाच्या दोन्ही काठांवर, आणि सगळ्यांचे पाय पाटाच्या पाण्यात! आबा, माय, भुसावळहून आलेला मोतीलाल मामा, आणि धुळ्याहून सुट्टीला आलेली आबांची बहीण, भिकुबाई अक्का. कॅनडाचा निर्णय, तुम्हाला सांगतो, पाटात पाय सोडून झालेला आहे.

पहिला उठला मामा. मामा रेल्वेत गार्ड. त्याचं जगाचं ज्ञान रुळावरून आलेलं. "थोरल्यातच जा!" म्हणाला. "का?" "तिथं विनिपेग नावाचं जंक्शन आहे, मी चौकशी केलीये. जंक्शनच्या गावात माणूस कधी अडत नाही! गाडी चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी, आणि चहा चोवीस तास!" मी म्हटलं, "मामा, मी शिकायला चाललोय की गाड्या चुकवायला?" पण तो उत्तर द्यायच्या आधी मायच म्हणाली, "जंक्शन? म्हंजे भुसावळच ना? धूर, कोळसा आन् ऊन! भुसावळ मी पाह्यलंय बाप्पा, नको मले." थोरला गेला.

मग आबा. आबांचा एकच प्रश्न. "केळी होते का तिथं?" मी म्हटलं, आबा, नाही होत. "कापूस?" नाही. "मंग होते काय?" गहू. "गहू तर अक्काच्या धुळ्याकडं बी होतो, त्याच्यासाठी समुद्र कशाले ओलांडायचा?" यावर अक्काला जो अभिमान वाटला म्हणता! "आमना गहू चांगला शे," म्हणाली आणि पाटातले पाय आणखी पुढं सरकवून बसली. आबांचा विषय संपला, त्यांनी मान मागं टाकून डोळे मिटले.

आता माझी पाळी. मी, शहाणा, पुण्याचा पदवीधर, मला जायचं होतं धाकट्याकडं, अल्बर्टाला. मी पुस्तकं वाचली होती हो! मला तेवढं कळत होतं की थंडी वाईट. म्हणून मी अगदी रंगवून सांगायला लागलो, की माय, धाकट्याकडं डोंगर आहेत, आणि ऐन हिवाळ्यात डोंगरावरून असं एक गरम वारं येतं, की एका दिवसात बर्फ वितळून... मी 'गरम वारं' म्हटलं मात्र! मायनं पाटातले पाय वर घेतले. "गरम वारं? हिवाळ्यात बी?" "हो, पण माय, ते चांगलं असतं..." "गरम वारं चांगलं असतं? तू पुण्यात हेच शिकला?" मामा म्हणाला, "लू चालते म्हणजे तिथं." आबांनी डोळे न उघडता सांगितलं, "काट तो." अक्का म्हणाली, "आग लागो त्याले!" एक अख्खा प्रांत, डोंगरांसकट, गेला! मे महिना होता हो, मे महिन्यात गरम वाऱ्याची बाजू घ्यायची म्हणजे शुद्ध वेडेपणाच की नाही?

राहिला मधला. माय म्हणाली, "त्याच्यात काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. "म्हंजे?" म्हटलं, डोंगर नाही, जंक्शन नाही, गरम वारं नाही, सपाट जमीन आणि थंडी. "किती थंडी?" आता इथं मला वाटलं, हिला घाबरवावं, म्हणजे हिची गाडी पुन्हा धाकट्याकडं वळेल. म्हणून मी जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं. म्हटलं, माय, सहा महिने हिवाळा. नदी गोठते, तिच्यावरून माणसं चालतात. बादलीभर पाणी अंगणात ठेवलं तर सकाळी दगड!

आणि तुम्हाला सांगतो... सगळ्यांचे चेहरे असे झाले की मी जणू स्वर्गाचं वर्णन केलंय. मामा पुटपुटला, "बर्फ... फुकट?" कारण भुसावळला बर्फ भुश्यात गुंडाळून विकत आणायचा आणि घरी येईस्तोवर अर्धा रस्त्यात सांडायचा! अक्का म्हणाली, "बठ्ठं गाव गारेगार? सगळंच?" आबांनी डोळे उघडले. "सहा महिने हिवाळा म्हंजे... सहा महिने भरीत!" आमच्याकडं भरीत हिवाळ्यातच करतात ना! मी ओरडलो, "आबा, वांगं नाही हो येत तिथं!" कोण ऐकतंय!

मायनं फक्त एवढंच विचारलं, "मंग तिथं तुझा घोळणा नाही फुटणार?" मी म्हटलं, "थंडीत कसला फुटतोय?" तिनं वर घेतलेले पाय पुन्हा पाटात सोडले. मग म्हणाली, "तार करा. मधल्यात जाऊ द्या त्याले." आणि पदरानं तोंड पुसलं. मला तेव्हा वाटलं घाम पुसतेय.

तर गेलो! मामाचा रेल्वेचा जुना ओव्हरकोट घालून गेलो, जो बोटीवर मला फार गरम झाला आणि तिथं उतरल्यावर मलमलचा सदरा वाटला. थंडी म्हणजे काय सांगू! बोलायला तोंड उघडावं तर दात दुखतात, मिशीला बर्फ, पापण्यांना बर्फ, बाहेर गेलं की आपले कान आहेत की नाहीत हे हातानं चाचपायचं आणि हाताला पण कळायचं नाही! आणि जानेवारीतली एक सकाळ, वजा चाळीस, मी विद्यापीठाच्या वाटेवर, आजूबाजूला चिटपाखरू नाही, सगळं पांढरं... आणि त्या पांढऱ्यावर टप्‌कन एक लाल थेंब पडला. मग दुसरा.

घोळणा! अहो, घोळणा फुटला! वजा चाळीसमध्ये! नंतर डॉक्टर म्हणाला, हवा कोरडी आहे ना, म्हणून फुटतो, इकडं पुष्कळांना होतं. इकडं पुष्कळांना! म्हणजे सबंध पृथ्वीवर माझ्या नाकानं शोधून काढला की काय तो प्रांत? सवयीनं खिशात हात घातला. कांदा होता. असणारच, सवयच ती, तिथल्या बाजारातून घेऊन ठेवलेला. बुक्की मारली, फुटेना, हात दुखला! गोठून दगड झालेला. तसाच नाकाशी धरला... वासच नाही! कांद्याला वास नाही हो! तेव्हा मात्र मला मायची अशी आठवण आली, की मी त्या बर्फात उभा राहून चक्क रडलो, कांद्याविना रडलो. घरी आलो तर घरमालकीण, मिसेस पीटरसन, बाई फार मायाळू, कोट वाळत घालताना खिशातला कांदा बघून काळजीत पडली, "तुला माझं जेवण पुरत नाही का रे?" आता तिला काय सांगू? मे महिना सांगू?

आणि घरी काय लिहिलं मी? लिहिलं, नाक ठणठणीत. दुसरं लिहिणार काय? मायनं तेवढ्यासाठी तर सोडलं होतं मला. तिनं सगळ्या आळीला सांगितलं, "माझ्या पोराले मधला मानवला!"

एकोणसाठ साली परत आलो. कधी? विचारूच नका. मे महिन्यात! भुसावळला गाडीतून उतरलो, सगळे घ्यायला आलेले, मामानं हार घातला, मायनं मला जवळ घेतलं... आणि हारावर टप्‌कन लाल थेंब! मायनं तिथंच फलाटावर मला आडवं पाडलं, प्रवाशाच्या हातातली सुरई हिसकावली, ओतली माझ्या टायवर. हमालसुद्धा थांबून बघत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण घरी आल्यावर मी सांगितलं, की तिकडचे प्रोफेसर राहा म्हणतात, नोकरी देतात, पण मला नाही जायचं, इथं जळगावच्या सरकारी फार्मवर जागा आहे, मी इथंच राहणार. आबा खूश, मामा खूश. मायनं माझ्या नाकाकडं बघितलं. मग म्हणाली, "नको. तू जाय परत." "अगं पण..." "इथं पाय ठेवला नाही तं रक्त. तिथं तीन वर्सं ठणठणीत होता ना? मंग तिथंच राह्य बाप्पा. मी राहीन माझी." पदरानं तोंड पुसलं, आणि या वेळी तो घाम नव्हता, हे मला बरोबर कळलं. मी म्हटलं, माय, तिकडं पण फुटत होता. दर हिवाळ्यात.

मला वाटलं, माय रागावेल, म्हणेल खोटं लिहिलं, पण नाही. एवढंच म्हणाली, "मंग... डोक्यावर पाणी कोण वतायचं तुह्या?"

तिथं डोक्यावर पाणी ओतलं असतं तर डोकं तोडून काढावं लागलं असतं, पण हे काय सांगायची वेळ होती? म्हटलं, "कोणी नाही, माय." तिनं उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कोठीतून एक चांगला मोठा कांदा आणून माझ्या खिशात कोंबला, आणि डोळे पुसत पुसत, आबा, मामा, अक्का सगळ्यांच्या देखत म्हणाली, "राह्य इथंच. पण एवढा शिकला-सवरला तू, तीन प्रांत समोर होते... तुले एक धड निवडता आला नाही रे!"

आणि सगळ्यांनी, अहो सगळ्यांनी, माना हलवल्या!