घागरीवरचं नाव

गिरणीचा भोंगा होऊन गेला तरी डॉक्टरांचा पत्ता नव्हता. दवाखान्याच्या ओट्यावर माझ्या शेजारी एक म्हातारी आणि एक पोटुशी पोर बसली होती.

"नाव काय गं तुजं?"

"माहेरी अंबू. सासरी सारजा."

"सारजा कुणी ठिवलं?"

"सासूनं. पहिली सून सारजाच हुती. ती बाळंतपणात गेली. समद्या भांड्यांवर तिचं नाव घातल्यालं हाय."

"मग?"

"सासू म्हणली, एवढ्या भांड्यांवरलं नाव कुटं घासून काढत बसायचं? त्यापरीस सुनंचं नाव बदला."

"नवरा काय बोलला न्हाय?"

"त्येला बरंच की. तोंडात बसल्यालं नाव."

"आन् तुला?"

"मला वाचता येत न्हाय, आत्या. पर घागर उचलली की अक्षरं बोटाला लागत्यात."

"लेक झाली तर काय ठिवशील?"

"अंबू. ते नाव रिकामंच पडलंय."